मुळावरचे वाटेकरी

एखादा माणूस दुसऱ्याच्या मुळावर उठला म्हणजे त्याचे वाटोळे करायला निघाला, असा आपल्या भाषेतला अर्थ. 'मुळावर येणे' हे तर त्याहून वाईट. अशा भाषेत, मुळावर येऊन बसणाऱ्या आणि तरीही यजमानाचे भले करणाऱ्या मंडळींची ओळख करून द्यायची म्हणजे जरा अवघडच काम. पण यंदाच्या दिवाळी अंकात मी तेच करायचे ठरवले आहे. आणि वाचकांना एकदम शेताच्या बांधावर नेण्यापेक्षा फराळाच्या ताटापासूनच सुरुवात करतो, म्हणजे कोणी अर्ध्यातून उठून जायचे नाही.

ताटात बेसनाचा लाडू आहे. चकली आहे, आणि तिच्या भाजणीत हरभऱ्याची डाळ आहे, उडदाची डाळ आहे. चिवड्यात डाळे आहे, भुईमुगाचे दाणे आहेत. ही सगळी द्विदल कुळातली मंडळी. हरभऱ्यात शेकडा २० च्या आसपास प्रथिने असतात, आणि प्रथिन म्हटले की त्यात नत्र आलेच. नत्र गव्हातही असते, ज्वारीतही असते. पण ते त्या पिकांनी मातीतून उचललेले असते. हरभऱ्याची गोष्ट निराळी. चांगल्या गाठी धरलेल्या हरभऱ्यातील निम्मे किंवा त्याहूनही अधिक नत्र हवेतून आलेले असते. डॉक्टर मंडळी आजाऱ्याला हवा खायला पाठवतात. आपण मात्र घरबसल्या लाडू खातो आणि त्यातून थोडी हवाही खातो, याची आपल्याला खबरही नसते.

आता ही हवा दाण्यात शिरते कशी?

हवेचे १०० भाग केले तर त्यांतले ७८ भाग नत्राचे. एका एकरावर जी हवा उभी आहे, तिच्यात सुमारे ३१ हजार टन नत्र असते. आणि युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यात असते जेमतेम २१ किलो. म्हणजे ज्याच्या डोक्यावर एवढे घबाड लटकत आहे तो शेतकरी पोत्यासाठी रांगेत उभा राहतो! पण त्यात त्याचा दोष नाही. हवेतल्या नत्राचे दोन दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून बसलेले असतात की झाडाला त्यांची ती मिठी सोडवता येत नाही. भरल्या घरात उपाशी, अशी झाडाची अवस्था.

माणसाने ही मिठी सोडवली ती फार उशिरा. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली प्रयोगशाळेत हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला, आणि कार्ल बॉश यांच्या प्रयत्नाने १९१३ साली ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. त्याला उष्णता लागते ४०० अंशांच्या वर आणि दाब लागतो हवेच्या दाबाच्या २०० पट वगैरे. युरिया निघतो तो या अमोनियातूनच. हे काम मातीतला एक सूक्ष्म जंतू आपल्या शेतातल्या साध्या उन्हापावसात, भट्टीशिवाय आणि धुराड्याशिवाय करतो. त्याचे नाव रायझोबियम. ग्रीक भाषेतल्या या शब्दाचा अर्थच मुळी 'मुळावर जगणारा' असा आहे.

जंतू म्हटले की आपण नाकाला पदर लावतो. परंतु हा जंतू रोग घेऊन येत नाही. द्विदल झाडाचे कोवळे मूळ मातीत एक विशिष्ट रस सोडते. तो रस म्हणजे आमंत्रण समजा. ते ओळखणारा जंतू उलट आपली खूण पाठवतो. खूण पटली की मुळावरचा केसासारखा तंतू छत्रीच्या मुठीसारखा वाकतो आणि जंतूला कवेत घेतो. मग आत एक बारीकशी नळी तयार होते, तिच्यातून जंतू मुळाच्या गाभ्याकडे सरकतात, आणि तेथे बाजरीच्या दाण्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढी, कधी त्याहून मोठी, अशी गाठ फुगते. ही गाठ म्हणजे झाडाने जंतूंना बांधून दिलेले घर. घर झाडाचे, जेवण झाडाचे. पानांत उन्हावर तयार झालेली साखर झाड या गाठींना पुरवते, आणि जंतू हवेतले नत्र फोडून झाडाला देतात. याला कोणी दानधर्म म्हणू नये. जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे आणि माल वाटून घ्यायचा, हा आपल्याकडचा जुना वाट्याचा व्यवहारच येथे चालतो. म्हणून मी त्यांना वाटेकरी म्हणतो.

त्यात आणखी एक मौज आहे. नत्र फोडणारे जे विकर या जंतूंच्या अंगी असते, ते प्राणवायूचा वारा लागला की निकामी होते. पण जंतूला जगायला तर प्राणवायू हवाच. हा पेच झाड कसा सोडवते? ते गाठीत एक तांबडे द्रव्य तयार करते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे ते सख्खे भावंड शोभावे. त्याला लेगहिमोग्लोबिन म्हणतात. ते प्राणवायू मोजून मापून, जरुरीपुरताच जंतूंना पोचवते. त्यामुळे काम करणारी गाठ नखाने चिरली तर आतून गुलाबी-तांबडी दिसते. ही खूण वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचा उपयोग आहे.

द्विदल पिकानंतर जमीन सुधारते, हे आपल्या शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्यासाठी त्याच्यापाशी 'बेवड' हा नेमका शब्द आहे. भुईमुगाचा बेवड गव्हाला चांगला, मुगाचा बेवड रब्बी ज्वारीला चांगला, असे तो म्हणतो. पण त्यामागचे कारण कळायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. फ्रान्समधल्या बूसँगो या शास्त्रज्ञाने १८३८ च्या सुमारास दाखवून दिले होते की द्विदल पिकांत नत्राची भर पडते. ती कोठून पडते हे मात्र उकलेना. १८८६ साली जर्मनीतील हेलरीगेल यांनी बर्लिनच्या सभेत आपले प्रयोग मांडले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी विल्फार्थ यांनी निर्जंतुक वाळूत वाटाणा पेरला. तो नत्रावाचून खंगू लागला. त्यात शेतातल्या मातीची थोडी निवळी घातली, तर त्याच्या मुळांवर गाठी आल्या आणि रोप तरारून उठले. ओटच्या पिकाला तीच निवळी घातली, तर त्याच्यावर ढिम्म परिणाम नाही. करामत मातीतल्या जंतूंची, आणि ती द्विदल पिकापुरतीच, हे सिद्ध झाले. १८८८ साली हॉलंडमध्ये बायेरिंक यांनी हा जंतू वेगळा काढून वाढवून दाखवला. आपल्याकडे बिहारमधील पुसा येथे एन. व्ही. जोशी यांनी १९२० साली या गाठींच्या जंतूंवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे ही काही कालपरवाची टूम नव्हे. शंभर वर्षे होऊन गेली.

मग प्रश्न असा की, एवढी जुनी आणि एवढी स्वस्त गोष्ट असताना "पाकीट लावले पण काही फरक पडला नाही बुवा" असे इतके शेतकरी का म्हणतात? माझ्यापाशी येणाऱ्या पत्रांतही हे वाक्य वारंवार असते. त्याचे उत्तर मला पुस्तकात सापडण्याआधी लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या माझ्या मावसभावाच्या शेतात सापडले.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, ते पुष्कळांना आठवत असेल. त्या दुष्काळात भावाची विहीर आटली आणि बारा वर्षे उसाखाली असलेले चार एकर मोकळे झाले. वहिनींनी त्यावर ठरवले की आता ऊस नको, कर्जाने आणलेली खतेही नकोत. गावातल्या काही बायकांचा सेंद्रिय शेतीचा गट होता, त्यात त्यांनी नाव घातले आणि त्या खरिपात सोयाबीन पेरले. पाऊस चांगला झाला. महिन्याभराने मी गेलो तर शेत पिवळे पडलेले. शेजारी बांधावर उभा राहून सांगत होता, "वहिनी, एक पोतं युरिया फेका. आठ दिवसांत हिरवंगार होतंय बघा. कुणाला कळतंय?"

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, कुणाला नाही कळलं तरी गटातल्या अकरा जणींच्या मालाचा प्रश्न आहे. एकीनं टाकलं की सगळ्यांचंच नाव जातंय. पण करावं तरी काय? पाकीट तर लावलं होतं की हो आम्ही. गुळाचं पाणी करून, सावलीत वाळवून, सगळं केलं."

मी खुरप्याने चार-पाच ठिकाणची रोपे मातीसकट काढली. एकेका रोपावर दोन-तीन गाठी, त्याही मोहरीएवढ्या. चिरून पाहिल्या तर आत पांढुरक्या. मग मी पाकीट मागितले. ते वहिनींनी सुदैवाने जपून ठेवले होते. पाठीमागच्या बारीक अक्षरांत पिकाची नावे होती: तूर, मूग, उडीद. सोयाबीनचे नाव त्यात नव्हतेच. "दुकानदार म्हणाला, डाळीला सगळ्या एकच चालतंय," वहिनी म्हणाल्या. दुकान कोणते हे मी येथे सांगत नाही. असे सांगणारी दुकाने गावोगाव आहेत.

येथे पत्रिका जुळवण्याचा विषय आला. रायझोबियम म्हणून आपण एकच नाव घेतो खरे, पण त्यांत जाती-पोटजाती पुष्कळ. चवळी, मूग, उडीद, तूर आणि भुईमूग यांचा एक गट. त्यांचे जंतू एकमेकांकडे चालतात. वाटाणा आणि मसूर यांचा दुसरा गट. हरभऱ्याचे सोयरे वेगळे, मेथी आणि लसूणघास यांचे वेगळे, आणि सोयाबीनचे त्याहून वेगळे. हरभरा-तूर आपल्या मातीत पिढ्यान् पिढ्या नांदत आल्यामुळे त्यांचे जंतू थोडेफार तरी जमिनीत असतात. सोयाबीन तसे परके. १९६० नंतरच्या दशकात जबलपूर आणि पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतून आणलेल्या जातींवर काम करून ते आपल्याकडे रुजवले. पीक आले, पण त्याचा वाटेकरी आपल्या मातीत पुरेसा नव्हता. तो बियाण्याला लावूनच शेतात न्यावा लागला. आज ज्या शेतात दरवर्षी सोयाबीन होते तेथे तो वस्तीला आला आहे. वहिनींच्या शेतात बारा वर्षे ऊस. तेथे सोयाबीनला ओळखणारे कोण असणार?

त्या वर्षी एकरी तीन क्विंटलांवर समाधान मानावे लागले. युरिया मात्र वहिनींनी टाकला नाही. मला सांगायचा मुद्दा हाच आहे. रासायनिक खते वापरणाऱ्याच्या शेतात गाठी धरल्या नाहीत तर तो पोते फोडतो आणि वेळ मारून नेतो. सेंद्रिय शेती करणाऱ्याला ती पळवाट नाही. त्याच्या कडधान्याचा नत्राचा बहुतेक हिशेब या मुळावरच्या मंडळींवर चालतो. ती आली नाहीत, किंवा आली आणि कामाला लागली नाहीत, तर त्याचे वर्ष जाते. म्हणून त्याने तरी या पाकिटाकडे खताची पुडी म्हणून पाहू नये. त्या काळ्या भुकटीत जिवंत गडी आहेत. गड्याला कामावर आणताना आपण जे पाहतो, तेच येथे पाहायचे: माणूस योग्य आहे का, जिवंत आणि धडधाकट आहे का, आणि त्याला काम करण्याजोगी जागा आपण दिली आहे का.

पहिली गोष्ट पाकिटावरचे पीक. ते दुकानदाराला विचारू नका, स्वतः वाचा. अक्षर बारीक असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या.

दुसरी गोष्ट तारीख आणि जागा. जैविक खतांचा समावेश २००६ साली खत नियंत्रण आदेशात झाला, आणि त्यानुसार रायझोबियमच्या भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये निदान ५ कोटी जिवंत जंतू असले पाहिजेत. पण ते पाकीट मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली, दर्शनी काचेत उन्हात टांगलेले असेल, तर त्यातले किती जिवंत राहतील? वरून सगळे ठीक दिसते. मेलेल्या जंतूंची भुकटीही काळीच असते. म्हणून पाकीट सावलीतले घ्यावे, मुदत पाहून घ्यावे आणि घरी आणल्यावर माठाशेजारच्या थंड जागी ठेवावे. देव्हाऱ्यात समईजवळ ठेवलेलेही मी पाहिले आहे. भाव चांगला, पण जंतूंना ऊब सोसत नाही.

तिसरी गोष्ट बियाण्याला लावण्याची. साधारण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवून, उकळून, ते पूर्ण गार करायचे. कोमट पाण्यावर भागवू नये. घाईत असलेली मंडळी येथेच सगळे मुसळ केरात घालतात. त्या पाण्यात भुकटी कालवून बियाण्यावर शिंपडायची आणि हलक्या हाताने खालीवर करायची. सोयाबीनचे आणि भुईमुगाचे साल नाजूक असते. जोराने चोळले किंवा पाणी जास्त झाले तर साल सुटते आणि उगवण घटते. सावलीत गोणपाटावर सुकवून त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत, पेरून टाकायचे. मर रोगासाठी ट्रायकोडर्मा लावायचा असेल तर तो आधी, आणि रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू त्याच्यानंतर. तांबेयुक्त किंवा पाऱ्याची औषधे लावलेल्या बियाण्यावर हे गडी बसवायचे म्हणजे त्यांना विषाच्या अंथरुणावर झोपवण्यासारखे आहे.

चौथी गोष्ट जागेची. गाठींनाही श्वास घ्यावा लागतो. काळ्या रानात पाणी साचून राहिले की मुळे गुदमरतात आणि गाठी काम थांबवतात. म्हणून मराठवाड्यात रुंद वरंबा आणि सरी करून सोयाबीन पेरण्याची जी पद्धत आहे ती केवळ पाणी वाचवण्यापुरती नाही, ती जास्तीचे पाणी काढून देण्यासाठीही आहे. गाठींना स्फुरद लागते, लोह लागते, आणि मोलिब्डेनम नावाचा एक धातू अगदी चिमूटभर लागतो. नत्र फोडणाऱ्या विकरात तो असतोच. कुजलेल्या शेणखतातून यांतले पुष्कळसे मिळते. मात्र कडधान्याच्या पेरणीआधी कोंबडीखताचा जाड थर टाकण्याची हौस करू नये. ते खतही सेंद्रियच, हे खरे. पण नत्र मातीतच आयते मिळाले की झाड वाटेकऱ्याला घर बांधून देत नाही. घरात भाकरी तयार असताना बाहेरच्या गड्याला वाटा कोण देईल?

वहिनींनी २०१७ साली यांतले सगळे केले, आणि माझ्या सांगण्यावरून आणखी एक केले: शेताच्या कडेला चार ओळी पाकीट न लावता पेरल्या. मध्ये पावसाने ताण दिला. तरीही पाचव्या आठवड्यात त्या चार ओळी फिक्या आणि बाकीचे रान गर्द, हे बांधावरून दिसत होते. गाठी चिरल्या तर आत गुलाबी. एकरी सहा क्विंटल उतरले. सगळे श्रेय पाकिटाचे असे मी म्हणणार नाही. सरी-वरंब्याचे होते, वेळेवर झालेल्या कोळपणीचेही होते. पण त्या चार ओळी खोटे बोलत नव्हत्या. जेथे वर्षानुवर्षे तेच पीक होत आले आहे तेथे असा फरक दिसणारही नाही, कारण गडी आधीच मातीत आहेत. ते आहेत की नाहीत हे ठरवायला चार ओळींची ही युक्ती कोणालाही जमण्यासारखी आहे, आणि तिला पैसा पडत नाही.

येथवर वाचून कोणाला वाटेल, की चला, द्विदल पेरले आणि गाठी धरल्या म्हणजे जमीन आपोआप श्रीमंत झाली. हा समज फार पसरलेला आहे, आणि सेंद्रिय शेतीची भाषणे करणारेही तो पसरवतात. म्हणून शेवटी थोडा हिशेब मांडतो. आणि तो आपल्या जुन्या आण्यांत मांडतो, म्हणजे पटकन ध्यानात येईल.

सोयाबीनच्या सबंध झाडात जेवढे नत्र साठते, त्याला एक रुपया समजा. त्यातले सुमारे बारा आणे दाण्यात जातात. दाणा आपण विकतो. म्हणजे बारा आणे शेताबाहेर गेले. आता झाडाने हवेतून किती मिळवले? गाठी उत्तम असतील आणि बारा आणे हवेतून आले असतील, तर जमा तितकीच आणि खर्च तितकाच; जमिनीला नफा नाही, तोटाही नाही. गाठी बेताच्या असतील आणि आठच आणे हवेतून आले, तर बाकीचे आठ मातीने पदरचे दिले. दाण्याबरोबर गेले बारा, म्हणजे मातीचे चार आणे बुडाले. त्यातून मळणीनंतरचे भुसकट विकले किंवा पेटवून दिले, तर उरलेल्या चारांपैकीही बहुतेक गेले. आणि तरी आपण म्हणतो, "सोयाबीन होतं, बेवड चांगला आहे!"

आकडेच हवे असतील तर तेही सांगतो. क्विंटलभर सोयाबीनमधून सुमारे ६ किलो नत्र जाते. एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर ४८ किलो, म्हणजे युरियाची दोन पोती भरून वर काही उरेल. एवढा माल दरसाल गाडीत घालून बाजारात जातो. वाटेकऱ्याने जे कमावले ते त्याने आधी झाडाला दिले. झाडाने ते दाण्यात भरले. दाणा आपण नेला. मातीच्या वाट्याला काय आले, ते आपण मागे काय ठेवतो त्यावर ठरते. भुसकट शेतात परत गेले, किंवा जनावराच्या पोटातून शेण होऊन परत आले, तर त्याला बेवड म्हणण्यात अर्थ आहे. तूर या बाबतीत मोठी उदार. तिचा पाला शेतातच गळतो, आणि तिची खोल गेलेली मुळे तेथेच कुजतात. ताग किंवा धैंचा पेरून तो फुलावर येताच जमिनीत गाडला, तर सबंध रुपया मातीतच राहतो. त्यात हवेतून आलेला वाटा म्हणजे चोख नफा. भुईमूग उपटताना मात्र आपण वेलाबरोबर मुळे आणि गाठीही उपसून काढतो. त्याचा पाला गुरांना घातला तर त्या गुरांचे शेण त्याच शेतात आले पाहिजे.

वहिनींच्या घरी हा आण्यांचा हिशेब मी एकदा सांगितला, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे भाऊजी, गडी राबला, पीक आलं, आणि आईच्या हातावर आपण काहीच ठेवलं नाही, असं झालं की हो." तेव्हापासून त्यांच्या शेतातले भुसकट विकले जात नाही. व्यापारी दरवर्षी येतो, भाव वाढवून सांगतो, चहा पिऊन परत जातो.

आता हा अंक हाती पडेल तेव्हा सोयाबीनच्या राशी झालेल्या असतील आणि हरभऱ्याची पेरणी चालू असेल. शेती करणाऱ्या वाचकांना माझी एवढीच विनंती, की मार्गशीर्षात, पेरणीला पाच-सहा आठवडे झाले की एकदा शेतात खुरपे घेऊन जा. रोप उपटू नका; उपटले तर गाठी मातीतच तुटून राहतात. वीतभर खोलीवरून मातीसकट काढा, बादलीत अलगद धुवा आणि दोन-चार गाठी नखाने चिरा. गुलाबी असतील तर निश्चिंत मनाने घरी या. पांढऱ्या किंवा हिरवट असतील तर त्या हंगामात त्या पिकाला फारसे काही करता येणार नाही. पण कारण शोधायला तेव्हाच लागा. पाकीट पाहा, पाणी कोठे साचते ते पाहा, आणि पुढच्या पेरणीसाठी चार ओळी राखून ठेवा.

शहरातल्या वाचकांना शेत नाही, खुरपे नाही. पण मेथीची जुडी तर घरी येते ना? मुळांसकट आलेली जुडी निवडायला बसलात की मुळे लगेच फेकू नका. पुष्कळदा त्यांच्यावर बारीक मण्यांसारख्या गाठी असतात. एखादी चिरून मुलांना दाखवा. आपल्या रक्ताशी नाते सांगणारा तो गुलाबी रंग त्यांनी पाहिला, म्हणजे जंतू या शब्दाची त्यांची भीती थोडी तरी जाईल.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो. लाडू बेताने खा. त्यातली हवा पचायला हलकी असली, तरी तूप तसे नसते.